चवीनुसार नाही

ओस्त्रावात समुद्र नाही. अख्ख्या देशातच नाही.
म्हणून स्वयंपाकघराच्या छतातून थेंब पडला
तेव्हा वाटलं, वरच्या ह्लाविन्काचं धुण्याचं मशीन.
बोट लावलं, जिभेवर टेकवलं.
सवयच ती. तीस वर्षं शाळेच्या खानावळीत
चारशे पोरांचं सूप चाखलंय.
खारट.
फेब्रुवारी, बाहेर काळपट बर्फ,
आणि माझ्या जिभेवर जे होतं
ते मी कधी पाहिलंही नव्हतं.

भांडायलाच गेले वर.
त्याने दार उघडलं भिजल्या पायजम्यात, हातात पाना.
"जोड सुटला," म्हणाला,
खाणीत कुणी "छत बसलं" म्हणावं तसा.
मागे निळा उजेड, काचेची भली मोठी पेटी,
आत दगड. नुसते दगड.
"मासे कुठायत?"
"घाई नको. पाणी मुरतंय अजून."
कुठे मुरतंय ते मला माहीत होतं,
माझ्या छतात.
तरी बसले. त्याने कॉफी केली.

सहा आठवडे तो नळ्यांत थेंब मोजत होता,
पिवळा, हिरवा, जांभळा,
आणि वहीत आकडे.
दगडांवर तपकिरी साय धरली.
मी म्हटलं, नासलं. तो म्हणाला, लागलं मार्गाला.
मग एका संध्याकाळी दगडाच्या भोकातून
केसाएवढा एक काटेरी पाय बाहेर आला,
चाचपडला, आत गेला.
त्याचे पैसे कुणी दिले नव्हते.

मीठ कालवायला मी मदतीला गेले,
मूठ भरली, अंदाजाने.
त्याने मनगट धरलं.
"चवीनुसार नाही, बाई. पस्तीस.
लिटरला पस्तीस ग्रॅम."
मग नळकांडं डोळ्याला लावून
खिडकीकडे तोंड करून उभा राहिला,
जसा काही किनारा दिसणार आहे.

सव्वीस वर्षं आठशे मीटर खाली काढलेला माणूस.
आता उजाडावं कधी हे तोच ठरवतो.
नऊला निळं, अकराला पांढरं,
रात्री आठला सावकाश अंधार.
ब्रनोहून बसने, कोटाच्या आत धरून
दोन बोटांएवढं प्रवाळ आणलं.
अकरा दिवस मिटून होतं.
बाराव्या दिवशी मला बोलवायला
तो जिन्यावरून मोज्यांतच खाली आला.

नोव्हेंबरात त्याच्या छातीने दगा दिला.
ॲम्ब्युलन्सवाल्यांना थांबवून मला किल्ली दिली,
आणि एकच सूचना:
"उडतं ते नुसतं पाणी. मीठ कुठे जात नाही.
पातळी उतरली की गोडंच ओता."

तिसऱ्या रात्री वादळात वीज गेली.
सगळे पंप एकदम गप्प.
इतकी शांतता मी त्या घरात ऐकली नव्हती.
काचेला रजया गुंडाळल्या,
गॅसवर पाणी तापवून बाटल्या भरल्या, आत तरंगत सोडल्या,
आणि खानावळीतलं इनॅमलचं ओगराळं घेऊन
पाणी वर उचलायचं, उंचावरून सोडायचं,
उचलायचं, सोडायचं,
म्हणजे वारा मिसळतो म्हणे.
मेणबत्तीत दोन मासे माझ्याकडे बघत होते,
वाढपीणबाईकडे बघावं तसे.
खाल्ल्या मिठाला जागले मी,
छतातून पडलेल्या त्या एका थेंबाच्या,
अक्षरशः जागले, पहाटे पाचपर्यंत.

सकाळी दवाखान्यात फोन केला.
वीज, वादळ, ओगराळं, सगळं सांगितलं.
पलीकडे नुसता श्वास, नळीतून येणारा.
मग, "किती आहे?"
मी नळकांडं डोळ्याला लावलं.
"चौतीस."
"म्हणजे गोडं जास्त ओतलंत."
मी म्हटलं, हो, हात जरा सैल आहे माझा.
"उद्या ओतू नका," म्हणाला,
आणि थोडं थांबून,
"प्रवाळ उघडलंय का?"

वळून पाहिलं.
एक बोट उघडलं होतं.
दुसऱ्याचं अजून सांगता येत नव्हतं.